‘आमच्याकडे अशी सोय नाही’ : आठवीतल्या एका मुलाचं नागपुरातलं प्रकरण

नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर २०२४ ला, मानेवाड्याकडून एक बाई माझ्या घरी आल्या. रस्त्यावर आदल्या दिवशीचा गुलाल अजून चिखलात मिसळलेला होता. बाईंच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. बसल्या बसल्या त्यांनी ती जमिनीवर ओतली आणि म्हणाल्या, “काकू, याच्यातलं काय कामाचं आहे ते तुमीच पाहा. मले काही समजून नाही राहिलं.”

त्यांच्या मुलाला मी इथं दादू म्हणते. धाकटी बहीण त्याला तशीच हाक मारते. आईंना मी पहिल्या दिवसापासून ‘ताई’ म्हणत आले, तेच इथं ठेवते. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी वकील नाही, विशेष शिक्षिकाही नाही. बँकेत कारकून होते. माझ्या धाकट्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, आहे आणि त्याच्या पायी शाळांचे, दवाखान्यांचे, शिक्षण कार्यालयांचे उंबरे झिजवताना जे कळलं, ते निवृत्तीनंतर इतर घरांच्या कामी येतं. मी सोबत जाते, कागद लावून देते, पैसे घेत नाही. या कामाला मराठीत नीट नाव नाही. ‘वकिली’ म्हटलं की भांडण डोळ्यांसमोर येतं, ‘समुपदेशन’ म्हटलं की उपदेश. मला जुना शब्द आवडतो : पाठराखण. नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, चार दिवस राहते, पण संसार नवरीनंच करायचा असतो. या प्रकरणात मी हेच विसरले होते. ते पुढे येईलच.

पिशवीत काय होतं

दादू तेरा वर्षांचा. नावाजलेल्या, अनुदानित, सेमी-इंग्रजी शाळेत आठवीत. वडील हिंगणा एमआयडीसीत शिफ्टवर, ताई घरी शिवणकाम करतात. पिशवीतून निघाले ते घटक चाचण्यांचे पेपर, लाल शाईनं भरलेल्या डायऱ्या, डोळे तपासल्याच्या दोन चिठ्ठ्या (प्रत्येक शिक्षक आधी चष्म्यावर येतो), ट्यूशनच्या पावत्या आणि सगळ्यात खाली, चुरगळलेला, एका खासगी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा आदल्या वर्षीचा अहवाल. बुद्ध्यांक सरासरी. वाचन आणि लेखन इयत्तेच्या बरंच मागे. निदान : विशिष्ट अध्ययन अक्षमता.

हा अहवाल ताईंनी शाळेला दाखवला होता. वर्गशिक्षिकेनं वाचला, मुख्याध्यापिकेनं चाळला, परत दिला. शाळेकडे प्रत नाही, दिल्याची नोंद नाही, पोच नाही. म्हणजे शाळेच्या लेखी असा काही अहवाल नव्हताच.

मी इतिहासाचा पेपर उचलला. प्रश्न होता, असहकार चळवळ का मागे घेण्यात आली? दादूनं लिहिलं होतं, “चौरि चोरा पोलिसाना जाळल गांधिजिनि बंद केल”. चारपैकी एक गुण. मी तोच प्रश्न त्याला तोंडी विचारला. पंख्याकडे बघत तो सांगत सुटला. फेब्रुवारी १९२२, चौरीचौरा, जमावानं पोलीस चौकी पेटवली, त्यात पोलीस मेले, गांधीजींना हिंसा नको होती. वर म्हणाला, “अन् काकू, असहकाराचा ठराव आपल्या नागपुरातच पक्का झाला होता. १९२० च्या अधिवेशनात.” ते त्या प्रश्नाच्या उत्तरात लागतही नव्हतं.

देवनागरीत ही अडचण कशी दिसते हे सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे शिक्षकांच्या डोक्यात डिस्लेक्सिया म्हणजे इंग्रजीतली उलटी अक्षरं. मराठीत ती मात्रा-वेलांटीत लपते. अनुस्वार गळतो, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांच्या जागी बसतात, जोडाक्षर फुटतं आणि ‘प्रकाश’चा ‘परकाश’ होतो. त्यात हिंदीचीही लिपी तीच, पण शुद्धलेखन वेगळं. एकाच अक्षराला दोन तासिकांत दोन नियम. मराठीच्या बाई म्हणतात निष्काळजी आहे, हिंदीचे सर म्हणतात आळशी आहे, आणि मूल दोन्ही शब्द स्वतःबद्दल पाठ करून ठेवतं. तेवढं मात्र ते विसरत नाही.

हमीपत्र

पिशवीतला खरा कागद मला शेवटी दिसला, कारण ताईंनी तो ब्लाउजपीसच्या घडीत वेगळा ठेवला होता. सातवीच्या निकालाच्या दिवशी शाळेनं त्यांची सही घेतलेलं हमीपत्र. मजकूर असा की, पाल्य नववीत अनुत्तीर्ण झाल्यास आम्ही स्वखुशीने त्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊ, शाळेबद्दल आमची तक्रार राहणार नाही.

“सही काऊन केली?” असं मी विचारलं नाही. निकाल हातात हवा असेल तर आई कशावरही सही करते.

नववीच का, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, पण काढून टाकण्याची बंदी तशीच ठेवली. हमीपत्र लिहिणाऱ्याला हे चांगलं ठाऊक होतं. शिवाय नववी म्हणजे दहावीच्या दारात. फलकावर ‘१०० टक्के निकाल’ लिहायचा असेल तर गाळणी नववीतच लावावी लागते. मी हे रागानं लिहीत नाही. एकेका मुलानं टक्का घसरला की संस्थेच्या बैठकीत मुख्याध्यापकाला उभं करतात, तेही मी पाहिलंय.

आमच्या हातात तेव्हा एक शैक्षणिक वर्षही उरलेलं नव्हतं. आठवी संपायच्या आत मुलासाठी काय करायचं हे लेखी ठरलं नाही, तर शिक्षण हक्क कायद्याची ती भिंत मागे पडणार आणि समोर हमीपत्र येणार. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पुढेही लागू राहतो, पण त्यासाठी आधी शाळेनं मान्य करायला हवं की हे मूल त्यात बसतं.

याच सुमारास इंग्लंडात राहणाऱ्या भाचीशी फोनवर बोलणं झालं. तिच्या मुलाची अशीच अडचण. तिथं २०१४ च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनाला मुलाचं मूल्यमापन करून आराखडा द्यावा लागतो, मागणीपासून अंतिम आराखड्यापर्यंत वीस आठवड्यांची मुदत असते, नाकारलं तर दोन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अपील. पालकांना मोफत सल्ला देणारी सेवासुद्धा स्थानिक प्रशासनानंच पुरवायची. तिच्या तक्रारी तरीही संपत नव्हत्या. मुदती पाळत नाहीत म्हणे. मला मुदत असल्याचाच हेवा वाटला. ती म्हणाली, “मावशी, तुमच्याकडे अपील कुठे करतात?” आपल्याकडे अपील करायला आधी निर्णय लागतो, आणि निर्णय कुणी कागदावर देतच नाही. सगळं तोंडी. “बघू.” “सर्टिफिकेट आणा.” “दुसऱ्या बोर्डात टाका ना.” तोंडी नकारावर अपील होत नाही.

माझी चूक

सप्टेंबरच्या मध्यावर मी शाळेला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम १६, कलम १७, विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करण्याचं बंधन, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक म्हणजे मूल सांगेल ते लिहून देणारा. शेवटच्या परिच्छेदात कलम ८९ चा दंडही घातला. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. ताईंनी खाली सही केली आणि पत्र दिलं.

दोन दिवसांत शाळेनं त्यांना बोलावलं. मुख्याध्यापिकेनं पत्र पुढ्यात ठेवून विचारलं, “हे तुम्ही लिहिलंय? यातलं कलम सोळा म्हणजे काय, सांगा बरं.” ताईंना सांगता आलं नाही. “मग कोण आहे तुमच्या मागे?” तेही सांगता आलं नाही, कारण माझं नाव घ्यावं की नाही हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

त्याहून वाईट पुढे घडलं. वर्गशिक्षिका आजवर चाचणीत दादूच्या बाकाशी थांबून प्रश्न हळूच वाचून दाखवायची. कुणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं, बाई भली होती. पत्रानंतर तिनं ते बंद केलं. वर्गात उद्या कुणी विचारलं, तर आपल्यावर येईल. दादूला मिळत होती ती एकमेव मदत माझ्या पत्रानं घालवली.

ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत. आठवडाभर आल्याच नाहीत, एवढंच.

आल्या तेव्हा मी माफी मागितली आणि विचारलं की पुढचं पत्र तुम्ही लिहाल का. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “काकू, मले लिवता नाही येत. म्हंजे येते, पण दादूसारखंच.” नववीत शाळा सुटली होती. शिवणाची मापं त्या वहीत आकड्यांनी लिहितात, नावांच्या जागी गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचून ठेवतात. अध्ययन अक्षमता पुष्कळदा घराण्यात चालत येते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. दोन आठवडे ती माझ्यासमोर बसून चहा पीत होती आणि मी तिच्यापुढे दोन पानी मजकूर सहीसाठी सरकवला होता.

दुसरं पत्र त्यांनी सांगितलं आणि पाचवीतल्या धाकटीनं लिहून घेतलं. लेखनिक म्हणजे काय, हे त्या घरात त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. पत्रात एकही कलम नव्हतं. माझा मुलगा तोंडी सांगतो ते त्याला लिहिता येत नाही, सोबत तपासणीचा अहवाल आणि त्याचे दोन पेपर जोडले आहेत, त्याला पेपरात जास्त वेळ द्यावा, प्रश्न वाचून दाखवावेत आणि लिहायला दुसरा मुलगा द्यावा. आणि निकालाच्या दिवशी सही केलेलं हमीपत्र मी परत घेते, कारण ते मला न वाचता सही करायला लावलं. ‘लावलं’ की ‘घेतलं’ यावर माय-लेकींचा थोडा वाद झाला. ‘लावलं’ राहिलं.

माझं काम एवढंच होतं की पत्राच्या दोन प्रती हव्यात आणि दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख हवी. शाळेच्या खिडकीतल्या बाबूची ताईंना भीती वाटायची. “तो म्हणते, ठेवून जा, मॅडम पाहून घेतील.” आम्ही घरी तालीम केली. मी बाबू झाले. मी “ठेवून जा” म्हणायचं, त्यांनी “शिक्का द्या, मग जाते” म्हणायचं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज निघाला.

प्रमाणपत्राचा फेरा

शाळेचं पालुपद होतं, “सर्टिफिकेट आणा, मग बघू.” हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक पालकांनी ऐकलेलं असेल, म्हणून इथं जरा थांबते.

प्रमाणपत्र हवंच. दहावीला मंडळाच्या सवलती त्यावर मिळतात. तासामागे वीस मिनिटं जादा वेळ, खालच्या इयत्तेतला लेखनिक वगैरे. शाळेमार्फत प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे आम्ही सप्टेंबरातच दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज भरला. पुढे एका सरकारी रुग्णालयात फेऱ्या सुरू झाल्या. बालरोगतज्ज्ञ एका दिवशी, मानसशास्त्रज्ञांची तपासणी दुसऱ्या दिवशी, ती एका बैठकीत होत नाही म्हणून तिसरा दिवस. वाचन, लेखन, गणित असं निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचावर तपासतात, त्याला वेळ लागतोच. पण दर फेरीला वडिलांचा खाडा, दादूची शाळा बुडालेली, आणि शहरातल्या ‘आपली बस’मध्ये दोन्हीकडून तासभर. एका फेरीला कळलं की मानसशास्त्रज्ञ रजेवर आहेत. त्या दिवशी वडील म्हणाले, “पोरगा हुशार आहे म्हणून सिद्ध करायला इतके दिवस लागले असते तर समजलो असतो. तो कच्चा आहे हे सिद्ध करायला इतके दिवस?” प्रमाणपत्र मार्चमध्ये हाती आलं.

पण शाळेच्या स्वतःच्या चाचण्यांमध्ये मदत करायला शाळेला प्रमाणपत्राची वाट पाहण्याचं कारण नव्हतं. २०१६ च्या कायद्यात ‘ओळखा आणि उपाय करा’ हे काम शिक्षणसंस्थांचं म्हटलंय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्राथमिक चाळणी शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, करायची असते. म्हणजे कायदा शाळेला सांगतो, शोधा. शाळा आईला सांगते, आणा.

आणखी एक गैरसमज दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा. ‘चाळीस टक्के असेल तरच सवलत’ असं सर्रास सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात म्हटलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. आरक्षणासारखे काही लाभ त्या अटीशी बांधलेले आहेत, वाजवी सोय नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया (लिहिण्यातली अध्ययन अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीच्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा आलं. हे निकाल ‘प्रमाणपत्रच नको’ असं म्हणत नाहीत. पालक कधीकधी तसं ताणतात आणि अधिकाऱ्यासमोर तोंडघशी पडतात.

बैठक

दसऱ्याच्या दोन दिवस आधी शाळेनं वेळ दिली. मुख्याध्यापिका, संस्थेचे सचिव, वर्गशिक्षिका. आमच्याकडून ताई, त्यांचा भाऊ आणि मी. आधीच ठरलं होतं की मी बोलणार नाही, लिहून घेणार. ताईंना सुचेनासं झालं तर त्या पदर खांद्यावर घेतील, मग मी एक वाक्य बोलायचं.

ताईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक दादूचा पेपर. दुसरा घरी त्याच प्रश्नाचं उत्तर, दादूनं सांगितलेलं, धाकटीनं लिहिलेलं, पाऊण पान. मला वाटलं होतं हे पाहून खोली बदलेल. सचिव म्हणाले, “हे घरी लिहिलंय. कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, आम्हाला काय माहीत?”

खरं तर बरोबर होतं त्यांचं. मामा उसळले, ताईंनी हातानं खाली बसवलं आणि म्हणाल्या, “मग तुमच्यापुढे घ्या न सर. तुमचा मुलगा लिवायला बसवा, तुमच्या मॅडम बसवा. एका पेपरापुरतं.” हे आमच्या तालमीत नव्हतं.

सचिव कायदा वाचून आले होते, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाले, कलम १६ मध्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरणं ‘प्रयत्न करतील’ असं आहे, शाळेवर थेट सक्ती कुठे आहे? मुद्दा पोकळ नव्हता. त्या कलमाची रचनाच तशी आहे, शासनानं आपण अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांकडून हे करवून घ्यायचं. म्हणूनच भांडण शाळेशी लांबवण्यात अर्थ नसतो. जो मान्यता देतो त्याच्याकडे जायचं असतं. ते मी मनात ठेवलं. ताईंचा पदर खांद्यावर आला नाही, मी बोलले नाही.

वर्गशिक्षिका पूर्ण वेळ टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होत्या. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाहू, सहामाहीनंतर. आमच्याकडे स्पेशल टीचर नाही, एकाला दिलं की दहा येतील.

घरी येताना दीक्षाभूमीकडचे रस्ते वळवलेले, गावोगावच्या बसेस, निळे झेंडे. ऑटोत बसूनच पुढचं पत्र झालं. “आजच्या बैठकीत आपण मला पुढील गोष्टी सांगितल्या”, आणि खाली त्यांचेच शब्द, एकाखाली एक. “यात काही चुकीचं लिहिलं असेल तर सात दिवसांत लेखी कळवावं.” या कामातलं माझ्याकडचं एकमेव हत्यार हेच. तोंडी बोललेलं आपणच कागदावर उतरवायचं आणि समोरच्याला दुरुस्त करायला लावायचं. गप्प बसले तर तेच खरं, उत्तर दिलं तर तो निर्णय.

सहामाही तशीच गेली. दादूनं इतिहासाच्या पेपरवर नाव-तुकडी लिहून बाकीचा वेळ समासात रेल्वे इंजिनं काढली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, मग दिवाळी, मग मतदान. दोन स्मरणपत्रं गेली, दोन्हींवर शिक्के. नोव्हेंबर संपता संपता उत्तर आलं. दोन ओळी : ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की आमच्या शाळेत अशी सोय उपलब्ध नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

ताई रडवेल्या होऊन फोनवर वाचत होत्या आणि मी इकडे चक्क टाळी वाजवली. त्यांना माझा राग आला असणार. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या हाती नकार होता.

जिल्हा परिषद आणि पुणे

माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला, सोबत सगळे शिक्के मारलेले कागद तारखेनं लावलेले. डिसेंबरात नागपुरात सरकारी कार्यालयात काही मागायला जाणाऱ्याला एकच उत्तर मिळतं : अधिवेशन आहे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, सहाच दिवसांचं होतं, पण त्याची सबब आधी पंधरा दिवस आणि नंतर दहा दिवस पुरली. जानेवारीत शाळेला खुलासा मागवणारं पत्र निघालं. शाळेनं खुलासा दिला नाही.

मग पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. २०१६ च्या कायद्याखाली राज्य आयुक्त हक्क डावलल्याच्या तक्रारीची चौकशी करतात आणि साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. पालकांना मी आधीच सांगते की तिथून जे निघतं ती शिफारस असते, हुकूम नव्हे. संबंधितांनी तीन महिन्यांत त्यावर काय केलं ते कळवायचं, आणि शिफारस मानायची नसेल तर कारण द्यायचं. तरीही पुण्याच्या लिफाफ्याला वजन आहे. फेब्रुवारीच्या शेवटी शाळेला नोटीस मिळाली आणि चौथ्या दिवशी ताईंना फोन आला, “या ना, बसून बोलू.”

मामांचं म्हणणं होतं, आता बोलायचं नाही, सुनावणी होऊच द्या, यांना धडा शिकवू. मलाही क्षणभर मोह झाला. ताईंनी विचारलं, सुनावणीला किती दिवस लागतील? मी म्हटलं, सांगता येत नाही. “अन् वार्षिक परीक्षा एप्रिलात आहे न?” एवढ्यावर विषय मिटला. त्या एकट्या गेल्या. मी बाहेर पोह्याच्या ठेल्यावर तर्री खात बसले, आणि ती मला गोड लागली नाही.

एक पान

त्या एका पानाला शाळेनं काही नाव दिलं नाही. मी त्याला वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणते. दादूला पहिल्या बाकावर जागा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीची छायाप्रत, शाळेच्या सर्व परीक्षांत तासाला वीस मिनिटं जास्त, भाषा सोडून इतर विषयांना सातवीतला लेखनिक, इतिहास-भूगोल-विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण न कापणं. सत्राच्या सुरुवातीला एकदा आढावा, आणि हे सगळं पाहण्याची जबाबदारी वर्गशिक्षिकेची. ही शेवटची ओळ ताईंनीच घालायला लावली. ‘शाळा पाहील’ असं लिहिलं की कुणीच पाहत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तळाशी हमीपत्र रद्द समजण्यात यावं असं मुख्याध्यापिकेच्या हस्ताक्षरात. पुण्याच्या तक्रारीत आम्ही ते पान जोडून कळवलं की तूर्त तोडगा निघाला आहे, पाळला नाही तर पुन्हा येऊ.

मिळालं नाही ते असं. विशेष शिक्षक नाही. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक पुष्कळ शाळांमध्ये वाटून दिलेले असतात, या शाळेच्या वाट्याला कुणी आलं नाही. तिसऱ्या भाषेतून सूट नाही, जरी कायद्यात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या सवलतीचा उल्लेख आहे. हिंदीचे सर अजूनही आळशीच म्हणतात. आणि चार-पाच वर्षं मागे पडलेलं वाचन एका लेखनिकानं भरून येत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा उपचारात्मक शिकवणी लावली आहे, तिची फी म्हणजे ताईंचे महिन्याचे सहा-सात ब्लाउज.

वर्गशिक्षिकेनं मला नंतर एकदा सीताबर्डीत गाठलं. म्हणाली, तुमच्या पहिल्या पत्रानंतर मला मेमो येईल असं वाटलं होतं, म्हणून वाचून दाखवणं सोडलं, रात्री झोप येत नव्हती. मी काही सफाई दिली नाही.

एप्रिलच्या उन्हात वार्षिक परीक्षा झाली. इतिहासात दादूला पास होण्यापेक्षा बरंच जास्त मिळालं, गणितात जेमतेम, हिंदीत काठावर. जूनच्या अखेरीस शाळा उघडली आणि तो नववीत बसला.

जुलैत पहिली घटक चाचणी. लेखनिक मुलगा तापानं आला नाही, शाळेनं दुसरा दिला नाही, दादूनं पेपर एकट्यानं लिहिला. मला हे त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. वहीचं फाडलेलं पान, धाकटीचं गोल अक्षर, आता सहावीतलं. ‘पान क्रमांक एक, मुद्दा चार प्रमाणे लेखनिक देण्यात आला नाही. फेरचाचणी घ्यावी. पुढच्या वेळी दोन मुलं ठरवून ठेवावीत.’ उजव्या कोपऱ्यात निळा आवक शिक्का, जरा तिरका, आणि आकड्यांवर बाबूची शाई फिसकटलेली.